फाळक्यावरचे त्रिकोण

हे सांगायला आज पहिल्यांदाच तोंड उघडते आहे. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही. माझ्याखेरीज फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि त्यानं ते आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. त्याच्याबद्दलच बोलायचंय — पण आधी मला त्या चित्राबद्दल सांगू द्या ना! ते नुसतं आठवलं तरी माझा आवाज चढतो. आताही चढलाय.

मी इस्लामपुरात नववी-दहावीला भूमिती शिकवते. फळ्यावर त्रिकोण काढताना मला अजून आनंद होतो — हसू नका, खरंच होतो. मुलं जांभया देतात आणि मी एक लंब टाकून एकटीच खूश. नवरा सैन्यात, त्यामुळे नवं घर मी एकटीनं उभं केलं, आणि तेव्हाच ठरवलं होतं की हॉलच्या मोठ्या भिंतीवर धबधबा नको, पळणारे सात घोडे नकोत. तिथं नुसते आकार हवेत. कशाचंच चित्र नसलेलं चित्र! पण असलं काही आमच्याकडे मिळणार कुठं?

मिळालं. गावाबाहेरच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडबाहेर, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत. दसऱ्याच्या आधी आमच्याकडे सगळे ट्रॉल्या रंगवून घेतात, आणि फाळक्यावर — म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या दारावर — वाघ, मोर, कुलदैवत, मुलांची नावं असं काहीबाही काढून घेतात. मी स्कूटीवरून चालले होते. एक सुटा फाळका भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला आणि मी एवढ्या जोरात ब्रेक दाबला की मागचा मोटरसायकलवाला शिव्या घालत गेला. वाघ नाही, मोर नाही! केशरी त्रिकोण पोपटी त्रिकोणात घुसलेला, त्याच्या पोटात निळं अर्धवर्तुळ, कडेनं राणी रंगाच्या शंकरपाळ्या अशा उतरत आलेल्या की डावीकडून बघावं तर पत्र्याला घडी पडल्यासारखी वाटते आणि उजवीकडून बघावं तर सगळं सपाट. मी रस्त्यात उभी राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात राहिले. शाळेची घंटा चुकली. पर्वा कुणाला होती?

ते सर्जेराव पेंटरांचं काम. मूळचे वडूजकडचे, साठीच्या आसपासचे, बोटांच्या पेरांत कायमचा रंग. मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा फाळका उरला होता, त्यावर त्यांनी कुणीही न सांगता, मनाला येईल तसं काढलेलं. मी मागितल्यावर त्यांना हसू आवरेना. “घिऊन जावा की बाई,” म्हणाले, “पर भितीवर लावल्यावर एकदा बगायला बोलवा. माजं काम समदं रस्त्यानं पळतंय. थांबून बगाय कवा मिळतच न्हाई.”

मी हो म्हणाले. अगदी मनापासून हो म्हणाले — निदान त्या दिवशी तरी.

मग चौकट करायला सुतार घरी आला. आता, आमच्याकडचा प्रत्येक पेंटर खाली उजव्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो. वाघाखालीही टाकतो आणि मोराखालीही. याही फाळक्यावर पांढऱ्या रंगात, छान वळणदार अक्षरात होतं — पेंटर सर्जेराव. सुतार म्हणाला, “बाई, नाव झाकतंय. पट्टी बारीक घिऊ का?”

मला तेव्हा डोळ्यांसमोर माझ्या मोठ्या जाऊबाई दिसत होत्या. पुण्याला असतात, त्यांच्या घरी प्रदर्शनातून आणलेली चित्रं आहेत, आणि माझ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचं “हं, बरं आहे की” ठरलेलं. वास्तुशांतीला त्या येणार होत्या. हे नाव त्यांनी वाचलं असतं तर?

“जाडच पट्टी लावा,” मी म्हणाले.

आणि जाऊबाई आल्या, आणि हॉलच्या उंबऱ्यातच थबकल्या! खरं सांगते, मला आतून उकळ्या फुटत होत्या. पर्स हातात तशीच धरून त्या डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या — अगदी माझ्यासारख्या. “कुणाचं गं हे?” त्यांनी विचारलं. एक वाक्य बोलायचं होतं. मला ते सहज बोलता आलं असतं, नाही का? मी म्हणाले, बडोद्याला शिकलेला एक चित्रकार आहे. लय मोठं नाव आहे त्याचं. आणि एक नाव ठोकून दिलं. जाऊबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “ऐकलंय मी.” एवढं हसू आलं मला! त्याच नावानं मी ते चित्र नवऱ्याला फोनवर दाखवलं, त्याच नावानं शाळेतल्या बाईंना. आजही ते त्याच नावानं तिथं आहे.

सर्जेरावमामांना मात्र मी बोलावलं नाही. आज बोलावू, उद्या बोलावू — असं करत दोन महिने घालवले. रस्ता बदलला. शेडवरून जायचंच सोडलं.

मग एका रविवारी दुपारी ते स्वतःच आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला नवी टोपी, दाढी घोटून केलेली. लग्नाला निघाल्यासारखे आले होते हो ते! आणि नेमक्या त्याच दिवशी जाऊबाई दोन मैत्रिणींना घेऊन माझ्याकडे मुक्कामाला उतरलेल्या — खास हे चित्र दाखवायला. तिघी त्याच्यासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. “कोण आलंय गं?” जाऊबाईंनी विचारलं.

दारात ते, माझ्या मागं चित्र, मधे मी. माझ्या खांद्यावरून त्यांना ते पूर्ण दिसत होतं. त्यांचा चेहरा किती खुलला होता म्हणून सांगू! मग त्यांची नजर खाली उजव्या कोपऱ्याकडे गेली. तिथं सागवानाची जाड पट्टी होती.

“खिडक्यांची ग्रिलं रंगवायला बोलावलंय त्यांना,” मी म्हणाले.

असं वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, असं मला वाटायचं. नाही लागत. गुणाकार विचारल्यावर उत्तर यावं तसं ते आलं, आणि वर मी हसलेसुद्धा.

मामांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. टोपी काढून हातात घेतली आणि त्या तिघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “व्हय. ग्रिलाचं माप घ्याया आलतो. येतो उद्या.” चपला त्यांनी काढल्याच नव्हत्या. तसेच वळले आणि गेले.

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगितलंच पाहिजे — लाज नंतर आली, आधी सुटल्यासारखं वाटलं. उत्साहात मी सगळ्यांसाठी भजी तळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघी चित्राखाली पोहे खात बसलो होतो आणि बेल वाजली. दारात मामा. अंगात रंगाचे डाग पडलेला जुना सदरा, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात काळ्या ऑइलपेंटचा डबा. ते खरंच येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आत एकदा बघून ते हळूच म्हणाले, “पाव्हनी हायत न्हवं अजून? रंगवलं न्हाई तर काय म्हनतील तुमाला? कुठनं धरू, बाई?”

अजूनही वेळ होती. तिघी आत, ते दारात, चित्र भिंतीवर.

“मागच्या खिडकीपासून सुरू करा,” मी म्हणाले. तिथून हॉल दिसत नाही.