दक्षिणेस वकीलसाहेब

“शेजारी जित्ता हाय का?”

घर घ्यायला निघालेल्या माणसाला वकील पहिल्यांदा काय विचारेल असं तुम्हाला वाटतं? कागद आणले का, कर्ज कोणाचं, असलं काहीतरी. आमचे वकीलसाहेब चष्मा कपाळावर ढकलून हे विचारायचे. खरेदीखतात घराची चतुःसीमा लिहिलेली असते, म्हणजे पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, उत्तरेस आणि दक्षिणेस कोण. बाकीचे वकील ती जुन्या कागदावरून उतरवतात आणि जेवायला जातात. हे गृहस्थ मात्र तो कागद घेऊन चारी घरी चहा प्यायला जायचे. “मेलेला माणूस शेजारी ऱ्हात न्हाई,” हा त्यांचा कायदा. कलम कोणतं, ते विचारायची सोय नव्हती.

जालन्यात घरं विकणारी मंडळी त्यांचं नाव निघालं की तोंड वाकडं करायची. व्यवहार लांबवावा तर यांनीच, अशी त्यांची कीर्ती. अशा माणसाला शोधून काढण्याची अक्कल अर्थातच आमच्या घरात बायकोकडे होती. मी एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत चाळणीच्या मशीनवर. भाड्याच्या घरात भिंतीत खिळा मारायचा तरी घरमालकिणीला विचारावं लागायचं, आणि त्या खिळ्यापायी बायकोनं आयुष्यभराची भिशी, दागिने, माझा फंड असं सगळं एका घरासमोर नेऊन उभं केलं होतं. घर बैठं, पुढं ओटा, दक्षिणेला मोकळा प्लॉट आणि त्यात एक बाभूळ. फ्रीज कुठं ठेवायचा हेही ठरलं होतं. राहिला होता फक्त कागद, आणि कागद म्हणजे काय, सही करायची जागा, अशी माझी समजूत.

वकीलसाहेब आले ते बशीतून चहा फुरकतच उत्तरेकडे शिरले. तिथं रिटायर्ड एसटी कंडक्टर राहायचे. मग पूर्वेला, मग पश्चिमेला. बायकोही त्यांच्यामागं. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी तोच प्रश्न. माणसं दचकून स्वतःकडे बघायची आणि मग “हाय की” म्हणायची. मी मागं उभा राहून विचार करत होतो की हा माणूस फी घेतो ती वकिलीची की चहाची.

कागदावरची बाकी तीन नावं इतकी जुनी की ती कोणाच्याच ओळखीची निघाली नाहीत; घोटाळा उघड झाला दक्षिणेला. कागदावर लिहिलेलं, दक्षिणेस शिंपीमामांचं घर. दक्षिणेला तर बाभूळ. शिंपीमामा बाभळीच्या पलीकडे राहायचे. ते गळ्यात टेप घालूनच बाहेर आले आणि म्हणाले, “माझ्या भिताडाला लागून ही बाभळीची जागा हाय ना सायेब. तुमचं घर त्याच्या तिकडं.”

वकीलसाहेबांनी बशी खाली ठेवली.

“वहिनी, तुम्ही बघितलं ते घर. आन् विकत घेऊन राह्यले ती बाभूळ.”

म्हणजे झालं होतं असं, की घर विकणाऱ्या मालकानं घेतला होता बाभळीचा प्लॉट आणि घर बांधलं होतं शेजारच्या प्लॉटवर. तो प्लॉट घनसावंगीकडच्या एका ऊसवाल्या काकांचा. काका इकडं फिरकलेच नव्हते. घर उभं राहिलं, रंग लागला, वीज आली, पाणी आलं, आणि कोणालाही काही वाटलं नाही.

“इतकी वर्सं कुनी काई म्हन्लं न्हाई!” मालक ओरडला. जणू चूक आमच्या वकिलाची. मग मला बाजूला घेऊन त्यानं दुसऱ्या एका वकिलाचं नाव सांगितलं, जो बिलकुल चहा पीत नाही आणि जल्दी काम करतो. खोटं कशाला बोलू, मला तो वकील फार आवडला. बायको मात्र ओट्यावर बसून रडत होती. इसार देऊन झाला होता, आणि घर समोर उभं असून तिचं नव्हतं.

“रडू नका वहिनी,” वकीलसाहेब म्हणाले. “काका जित्ते हाय का बघून येऊ.”

काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही घनसावंगीला गेलो. मालक होता, आम्ही दोघं होतो. वकीलसाहेबांना पुढची सीट, कारण ते वकील. काका चांगलेच जिते होते. सगळं ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

“म्हंजे माझ्या जाग्यावर घर. मंग घर माझंच झालं की!”

मालक पांढरा पडला. बायकोनं माझा दंड धरला. आमच्या विद्वान वकिलानं आता कलमांचा पाऊस पाडावा, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चहा फुंकत होते.

“बराबर हाय काका. घर तुमचं. फक्त चार बाजूला कोण ऱ्हातं तेवढं सांगा.”

काकांनी आढ्याकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं. एकही नाव येईना.

“वहिनी, तुम्ही सांगा.”

बायकोनं डोळे पुसले आणि सांगितली. कंडक्टर, त्यांच्या मंडळींचे गुडघे, पूर्वेच्या सुनेला गेलेले दिवस, पश्चिमेच्या म्हातारीची शेळी, आणि बाभळीपलीकडचे शिंपीमामा. काका हसत सुटले.

“घ्या बाई, ऱ्हा. मला बाभूळ बी चालंल. मला कुटं तितं ऱ्हायचंय!”

कोर्टात हा मुद्दा एक क्षण टिकला नसता, हे मलाही कळतं. अदलाबदलीचा दस्त झाला, मग आमचं खरेदीखत, आणि त्याला इतका वेळ लागला की मी वकीलसाहेबांना सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या. त्या दोन दस्तांच्या मधल्या वेळातच काकांनी बाभळीचा प्लॉट विकायला काढला. तो कोणी घेतला असेल? आमच्याकडून दक्षिणा घेऊन वकीलसाहेब आमच्याच दक्षिणेला घर बांधून बसले. ती यमाची दिशा म्हणतात. यमानंही सरकून जागा करून दिली असणार.

बाभूळ त्यांनी तोडली नाही. रोज संध्याकाळी कुंपणावरून त्यांचा प्रश्न यायचा, “शेजारी जित्ते हाय का?” आणि बायको आतून ओरडायची, “हाय भाऊ, च्या टाकू का?” दुसरा प्रश्न माझ्यासाठी असायचा. “वहिनीचं नाव कागदावर कधी येणार?” मी पेपरात तोंड खुपसायचो.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी प्रश्न आला नाही. बायकोनंच कुंपणावरून हाक मारली. दोनदा मारली, मग तिचा आवाज बदलला, आणि मी चप्पल न घालता धावलो. ते खुर्चीत बसल्यासारखेच होते. त्यांच्या मुलांनी नंतर घर विकलं. आम्हाला फार सुनं झालं, हे लिहायला लाज कसली.

परवा मी घर बायकोच्या नावावर करायला घेतलं. नवा वकील तरुण, झटपट, चहा न पिणारा. त्यानं जुन्या खतावरून चतुःसीमा उतरवली आणि कागद पुढं केला. ‘दक्षिणेस’ या शब्दापुढं वकीलसाहेबांचं पूर्ण नाव होतं. राहू दे म्हटलं, कोणाचं काय जातंय.

बायको बोट ठेवत ठेवत तिथवर आली आणि थांबली.

“हे नगं,” ती म्हणाली. “मेलेला माणूस शेजारी ऱ्हात न्हाई. भाऊंना चालंल का हे?”

तिचे डोळे भरले होते. मीच त्या तरुण वकिलाला नाव काढायला सांगितलं. नव्या शेजाऱ्याचं नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी मी दक्षिणेच्या घराचं दार वाजवलं. बनियनवर एक टेम्पोवाला बाहेर आला. दारातली बाभूळ अजून तशीच होती.

“काय काम होतं काका?”

“काम न्हाई,” मी म्हणालो. “शेजारी जित्ता हाय का, बघायला आल्तो.”

त्यानं एकदा स्वतःकडे पाहिलं.

“हाय की,” तो म्हणाला. “या, च्या टाकतो.”