मेलेल्या गुलामाचं काम

सरांनी माझ्या अंगावर चादर ओढली आणि सांगितलं, "तू मेलेला आहेस. हलायचं नाही."

वाशीमच्या कॉलेजचा हॉल. चौऱ्याहत्तर साल, जानेवारी महिना. स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेची तालीम चालू होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. फरशीवर पडलेलो. शेजारी पलंग, पलंगावर नायिका. मागच्या बाकावरून एक जण बोलला, "याले मेकअप कायले लागते सर? हा तसाच शोभते." हॉल हसला. सरही हसले. मी हललो नाही.

एकांकिका सरांनीच लिहिली होती. प्राचीन रोमची गोष्ट. राजाचा मुलगा एका सरदाराच्या बायकोच्या खोलीत शिरतो. तलवार दाखवतो. ती मरणाला भीत नाही. मग तो म्हणतो, तुला मारीन, एका गुलामालाही मारीन, त्याचं प्रेत तुझ्याशेजारी ठेवीन आणि सांगेन की दोघांना एकत्र पकडलं. या धमकीपुढे ती हरते. नंतर ती बापाला आणि नवऱ्याला बोलावून सगळं सांगते आणि छातीत सुरी खुपसून घेते. लोक पेटून उठतात. राजघराणं हाकललं जातं.

गुलाम या गोष्टीत फक्त धमकीपुरता आहे. प्रेक्षकांना समजावं म्हणून सरांनी त्याला रंगमंचावर आणलं. त्या कामासाठी अख्ख्या वर्गातून मला निवडलं. आम्ही बौद्ध. कारण कोणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी नायिकेचे वडील तालीम बघायला आले. ते संस्थेचे संचालक होते. त्यांनी सरांना दारापाशी नेलं, पण आवाज खाली केला नाही. "नाटक करा सर, आमची ना नाही. पण पोरीच्या बाजूले हा?"

सर परत आले. म्हणाले, "तू विंगेत बस. चादरीखाली आपण पोतं ठेवू. पत्रकात नाव तुझंच राहील."

शिपायानं तुरीच्या कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेलं पोतं आणलं. ते माझ्या जागेवर ठेवलं. त्यावर माझीच चादर.

दुसऱ्या दिवशी वर्गात सर रोमचा कायदा सांगत होते. नोट्स उतरवून देत होते. दासीवर कोणी जबरदस्ती केली तर दाद मागायचा हक्क तिच्या मालकाला. कारण नुकसान त्याच्या वस्तूचं. मी उभा राहिलो.

"आणि मालकानंच केली तर, सर?"

"तर तक्रारच नाही. लिहू नका, हे परीक्षेला येत नाही."

माझा प्रश्न परीक्षेचा नव्हता. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत माझी मोठी बहीण रिसोड रस्त्यावरच्या एका शेतात मजुरीला जात होती. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडे होती. शेताच्या मालकानं तिला गोठ्यात ओढलं. ती घरी आली, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मले ठाण्यावर ने." आईनं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला. मी म्हणालो, "अक्का, गावात तोंड दाखवता येणार नाही. माझी परीक्षा होऊ दे." तिनं पुन्हा विषय काढला नाही. शेतावर जाणं सोडलं. बोलणंही जवळजवळ सोडलं.

त्या संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. पोत्याची गोष्ट मी तिला सांगितली. मग तिनं विचारलं म्हणून सगळी एकांकिका सांगितली.

"त्या गुलामानं काय केलं होतं?"

"काही नाही."

"त्याच्यासाठी कोनी रडलं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

तिनं भाकरी उलटली. "अन् ते बाई मेली, तवा लोकं उठले?"

"हो."

"मंग मी मेली असती त तू गेला असता का रे बापू, ठाण्यावर?"

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती तशीच माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली.

सकाळी कॉलेजात गेलो. सरांना म्हणालो, "पत्रकातून माझं नाव काढा. पोत्याचं टाका."

"एवढं मनाला लावून घेतोस?"

"हो."

घरी येऊन अक्काला सोबत घेतलं आणि दोघं एस.टी.नं ठाण्यावर गेलो. हवालदारानं तिला उभंच ठेवलं.

"तीन महिने झाले. आता काहून आली बाई?"

अक्कानं माझ्याकडे बोट केलं. "यानं नाही म्हटलं होतं."

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "खरं आहे. तेही लिहा."

"इज्जतीचा इचार करा. सारं गाव बोलन."

"माही इज्जत कुठी गेली नाही," अक्का म्हणाली. "तुमी लिवा."

त्यानं लिहिलं.

खटला उभा राहिला. तारखा पडल्या. वकिलानं तिला जे विचारलं ते मी इथे लिहिणार नाही. ती प्रत्येक तारखेला गेली. मालक सुटला. तक्रारीला झालेल्या उशिराचं पटेल असं कारण दिलेलं नाही, असं निकालात होतं. मी साक्षीत कारण सांगितलं होतं. ते न्यायालयाला पटलं नाही. उशीर मात्र माझाच होता. तो पुसता येत नाही.

अक्का हयात आहे. त्या शेताजवळून जाताना ती मान खाली घालत नाही. माझ्याशी मात्र ती पूर्वीसारखी कधीच बोलली नाही. तिनं तसं बोलावं, असं मी मागितलंही नाही.

आमच्या भागात एखाद्या बाईवर असं झालं की, मी ठाण्यावर सोबत जातो हे ठाऊक असल्यानं, घरातले पुरुष आधी माझ्याकडे येतात. हलक्या आवाजात सांगतात, घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे, थोडं थांबू. मी त्यांना बाहेर बसवतो. बाईला एकटीला विचारतो. ती हो म्हणाली की चपला घालतो. दुसरा दिवस उजाडू देत नाही.