आईच्या हातचा दिवा

अर्धांगवायूनं आईची उजवी बाजू गेली, पण जीभ शाबूत राहिली, आणि ती काही कमी तिखट नव्हती. खालापूरच्या कारखान्यातून मी दहिवलीला घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा, आणि ही बाई खाटेवर काळोखात बसलेली. शेजारीण दिवा लावून द्यायला तयार होती. पण आईचं एकच, "तिन्हीसांजेचा दिवा घरच्या बाईनं लावायचा. मी काय मेलेय व्हय गं?"

म्हणून मी हाताच्या खुणेवर दिवा लावणारा एक पट्टा आणला. मनगटावर बांधायचा, हात वर केला की ट्यूब लागते, छातीशी आणला की बंद होते. डाव्या हातानं पहिल्यांदा ट्यूब लावली तेव्हा आई लहान पोरीसारखी हसली. आजारपणानंतर मी तिला हसताना बघितलंच नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवसापासून घर पुन्हा अंधारात. विचारलं तर म्हणे, "लागतो नि जातो मेला." पट्टा विकणाऱ्याला मी फोनवर असं झापलं की बिचारा नुसता माफी मागत राहिला. मग रविवारी संध्याकाळी तिच्यासमोरच बसले. तिनं हात वर केला, ट्यूब लागली. लगेच तोच हात छातीशी नेऊन तिनं मान लववली, आणि ट्यूब गेली.

"अगं, नमस्कार कशाला करतेस?"

"मग? दिवा लागला नि हात जोडायचा नाय?"

दोन हात जुळत नव्हते, म्हणून ती एकानंच करत होती. मी कपाळावर हात मारला, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. बंद करायची खूण मी बदलून घेतली, माशी हाकलतात तसं मनगट हलवायचं.

त्यानंतर गल्लीच्या वळणावरूनच खिडकीतला उजेड दिसायचा, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. आई बरी आहे.

त्या संध्याकाळीही उजेड होता. म्हणून मी घाई केली नाही. वालाच्या शेंगा घेतल्या, शेजारणीशी दोन शब्द बोलले. आत गेले तर आई भिंतीला टेकलेली, डावा हात छातीशी. हाक मारली, परत मारली. हात गार लागला.

माणसं जमली. कुणीतरी उशाशी पणती लावली आणि ट्यूब बंद करायला बटणाकडे गेलं. मी अंगावर धावून गेले. तो दिवा तिनं लावला होता. सकाळी तिला नेईपर्यंत मी तो कुणाला बंद करू दिला नाही.

आता गल्लीचं वळण आलं की मी खाली बघत चालते.