देवणीची भाची

गोळ्या गिळल्या की ती तोंड उघडायची, जीभ वर करायची आणि म्हणायची, "बघा अप्पा, गेल्या पोटात." तुरुंगातल्या दवाखान्यात तसं दाखवावं लागायचं.

"अगं, मी काय जेलर हाय का?"

"जेलर कुठं एवढं वाकून बघतो?"

सुटली तेव्हा तिला क्षय होता. आमच्या लातूरच्या गल्लीत फिरणाऱ्या नर्सबाईंनीच माझी मागची खोली तिच्यासाठी मागितली. "गोळ्या संपेपर्यंत तिला एका जागी राहू द्या, अप्पा. मध्येच तुटल्या तर आजार हट्टी होतो, मग त्या गोळ्यांना जुमानत नाही." नांदेडपलीकडच्या इस्लापूरच्या तिच्या माणसांनी दार लावून घेतलं होतं. ती आत का गेली होती, ते मी विचारलं नाही.

गल्ली आमची, लिंगायत दुकानदारांची. तुरुंगातल्या बाईला इथं कुणी टिकू दिलं नसतं. मीच तिला पढवलं, "देवणीच्या माझ्या मावसबहिणीची पोरगी म्हणून सांग."

ती हसली. "खऱ्याला कोण इच्यारलं न्हाई. बघू, खोटं तरी चालतंय का."

चाललं. खोकला उतरला, गालांवर मांस आलं. तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हालाही ती माझी भाची वाटली असती. नळाला पाणी आलं की शेजारणींच्या घागरीही भरून द्यायची. खोलीची कडी मात्र आतून कधी लावली नाही. म्हणायची, "सवय न्हाई, अप्पा. आमची कडी दुसरेच लावायचे."

एकदा ती नळावर केस धूत होती, तेव्हा शेजारच्या किराणावालीला तिचा गळा दिसला. संध्याकाळी चार-पाच जण माझ्या ओट्यावर.

"अप्पा, तुमच्या भाचीच्या गळ्यात लिंग न्हाई," किराणावाली म्हणाली. "आपल्यात तर पाळण्यातल्या लेकराला बांधतेत. कोण हाय ही?"

गाव, नातं, सगळं मी रचलं होतं. इष्टलिंग तेवढं विसरलो होतो.

ती कळशी घेऊन दारातच उभी होती. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "मलाबी आत्ताच कळालंय. फसवलं हिनं."

तिनं कळशी खाली ठेवली. "हाव, मीच खोटं बोलले. अप्पांना बोल लावू नका." एवढं बोलून ती आत गेली, गाठोडं बांधलं आणि सगळ्यांच्या देखत निघाली. मी ओट्यावरून उठलो नाही.

गल्लीत अजून सांगतात, अप्पा भोळे, बाई लबाड. मी आजवर ऐकून घेत आलो. खोटं माझं होतं. तिनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई पुढच्या गोळ्या घेऊन आल्या. "कुठं गेली?"

"गावाकडं," मी म्हणालो. गावात तिला दार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांनी पार नांदेडपर्यंत चौकशी केली. तिच्या नावानं कुठल्याच दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या नव्हत्या.