स्पिरिटचा बोळा

सरकारी दवाखान्याच्या रक्त काढायच्या खोलीत तिला सगळे मुंगीताई म्हणायचे. तिची सुई मुंगी चावल्याइतकीच लागते, असं कुणा पेशंटने कधीतरी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बाई स्वतः मात्र मुंगीसारखी मुळीच नव्हती. अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत, आणि रांग मोडणाऱ्याकडे अशी काही बघायची की तो आपणहून मागे जाऊन उभा राहायचा.

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांना पोलिस तिच्याच टेबलावर आणायचे. तिथे तिचा थाट वेगळा. समोरचा कितीही झुलत असला तरी सुई उचलण्याआधी ती त्याला बजावायची, की वकिलाला फोन करायचा असेल तर करून घ्या, तो तुमचा हक्क आहे. रक्ताच्या दोन बाटल्या भरते, दोन्हींना तुमच्यासमोर सील. एक सरकारची, दुसरी तुम्हाला हवी तर कोर्टाला सांगून दुसरीकडे तपासून घ्या. आणि कबुलीजबाब मला देऊ नका, मला ऐकायला वेळ नाही. हे तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की नेहमी येणारा हवालदार तिच्यामागे उभा राहून नुसते ओठ हलवायचा.

हक्क सांगते म्हणजे तिला या लोकांचा कळवळा होता, असं कुणी समजू नये. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी रस्ता ओलांडताना एका प्यायलेल्या माणसाने त्याला उडवलं आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून दारूचा वास आला की तिच्या कपाळाची शीर उठायची. पण तो राग हातात उतरू द्यायचा नाही, हा तिचा नेम. तिने घेतलेला एकही नमुना आजवर कोर्टाने फेटाळला नव्हता आणि याचा तिला भारी अभिमान होता.

एका दुपारी हवालदाराने शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणला. पोरांना सोडून परतताना त्याने बस भिंतीला घासली होती. आत कुणी नव्हतं, ते नशीब. तोंडाला वास येत होता आणि खोकल्याचं औषध घेतलंय, असं त्याचं म्हणणं होतं. फुंकायचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून रक्त काढायचं ठरलं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा चक्कर येऊन कोसळला. मुंगीताई तिकडे धावली, त्याला सावरलं, त्याचं रक्त काढलं आणि परत येऊन ड्रायव्हरचा हात पुसून सुई टोचली. बाटल्या सील झाल्या, फॉर्मवर नेहमीच्या खुणा झाल्या, हवालदार निघून गेला.

टेबल आवरताना तिची नजर पोलिसांच्या नमुन्यांच्या पेटीवर पडली. दारूसाठी रक्त तपासायचं असेल तेव्हा कातडी स्पिरिटने पुसायची नसते. स्पिरिट दारूच्याच घरातलं, ते रक्तात मिसळलं तर आकडा वाढू शकतो. म्हणून पेटीत साबणाच्या पाण्याचं वेगळं पाकीट असतं. ते पाकीट जसंच्या तसं बंद होतं, आणि फॉर्मवर मात्र ते वापरल्याची खूण सवयीने झाली होती. म्हाताऱ्यासाठी घेतलेल्या स्पिरिटच्या बाटलीतलाच बोळा तिने ड्रायव्हरच्या हातावर फिरवला होता.

तिने लगेच मोठ्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, एवढ्याशा स्पिरिटने काय होतंय, फरक पडला तर चिमूटभर, उगाच दवाखान्याची अब्रू वेशीवर टांगू नका. रिपोर्ट आला. आकडा हद्दीच्या वर होता, आणि तोही चिमूटभरच. दुसऱ्या बाटलीचा ड्रायव्हरला उपयोग नव्हता, कारण तीही त्याच सुईने भरलेली. गुन्हा सिद्ध झाला तर दंड, कदाचित काही महिने तुरुंग, आणि लायसन्स गेल्यावर बस कायमची हातातून जाणार.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने डोळ्याचं भिंग न काढताच विचारलं, पिऊन पोरांची बस चालवणारा तुझ्यामुळे सुटला तर? तिने उलट विचारलं, प्यायलाच नसेल आणि माझ्यामुळे आत गेला तर? तिसऱ्या दिवशी ती कोर्टाला निघाली, तेव्हा त्याने तिच्या चपला कुबडीने पुढे सरकवल्या आणि पुन्हा कामाला लागला.

कोर्टात सरकारी वकिलाला घाई होती. फॉर्मवरची खूण तुमचीच ना, एवढंच त्याने विचारलं. ड्रायव्हरचा वकील कागद चाळत होता. स्पिरिटबद्दल विचारायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. हो म्हणून ती खाली उतरली असती तर कुणाला कळलंही नसतं. मला या बाईचं कौतुक वाटतं ते इथे.

"खूण माझीच आहे, पण ती चुकीची आहे. कातडी मी स्पिरिटने पुसली होती," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. हे तुमच्या नोकरीवर येऊ शकतं, कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

"साहेब, हा माणूस प्यायला होता की नाही, मला माहीत नाही. माझा बोळा प्यायलेला होता, एवढं मी शपथेवर सांगते."

ड्रायव्हर संशयाचा फायदा मिळून सुटला. बाहेर तो हात जोडून आला, तेव्हा आभार मानू नका, मी तुम्हाला निर्दोष म्हटलेलं नाही, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. तो हळूच म्हणाला, औषधच होतं ताई. ती म्हणाली, असेल.

दवाखान्याने चौकशी लावली. बढती अडली, पोलिसांचे नमुने तिच्याकडून काढून घेतले आणि आठ महिने तिला लहान मुलांच्या लशींवर बसवलं. मोठे डॉक्टर समोरून आले की भिंतीवरचे तक्ते वाचत जायचे. आपल्या शब्दाला कोर्टात आता कोण विचारणार, हे तिला रात्रंदिवस खात होतं. नवऱ्याला ते दिसत होतं.

मग अनुभवी माणूस कमी पडला आणि तिला जुनं टेबल परत मिळालं. त्यानंतरच्या पहिल्याच खटल्यात ती साक्षीसाठी कोर्टाच्या बाकावर बसली होती. आरोपी मोठा ठेकेदार होता आणि योगायोगाने त्याचा वकील तोच, ड्रायव्हरचा. ठेकेदार तावातावाने म्हणत होता, नमुनाच खोटा ठरवा, लागेल तितकं लढू. वकिलाने फॉर्मवरची सही बघितली, मग बाकाकडे बघितलं आणि फाइल मिटली.

"रक्त या बाईंनी काढलंय. काही चुकलं असतं तर आपल्याआधी त्यांनीच सांगितलं असतं. आत चला आणि गुन्हा कबूल करा."

त्या दिवशी मुंगीताईची साक्ष झालीच नाही.