पहिल्या वेचणीचा मान

किन्हीराजाच्या शिवारात कापूस फुटला की वेचणीआधी सीतादही व्हायचं. बायांमधली जाणती बाई एका झाडाला हळदकुंकू लावून दहीभात वाहायची. मगच बाकीच्या ओटीत कापूस घेत. भगवंतराव पाटलांच्या शेतात हा मान एकोणीस वर्षं प्रयागबाईचा होता.

भगवंतराव दह्याचं गाडगं स्वतः तिच्या हातात देत आणि विचारत, "सांग माय, कोन्या बाजूच्या धुऱ्यापासून लावू बायांले?"

ती बोंडं चिमटीत दाबून पाही. "वरून लावा, मालक. नाल्याकडं दव हाय. तिकडं जेवल्यावर."

तसंच होई. मजुरी तिला इतर बायांइतकीच मिळे, पण त्या विचारण्यावर ती वर्षभर ताठ मानेनं जगे. पुढं हा मान लेकीकडं, अंजनाकडं जावा, एवढीच तिची इच्छा होती.

छत्तीस सालच्या चैत्रात तिचा नवरा गेला, श्रावणात भगवंतराव गेले. शेत मुलाकडं, गुलाबरावाकडं आलं. तो नागपूरला शेतकी शिकलेला; मनानं वाईट नव्हता. आल्या आल्या त्यानं मजुरी वाढवली. बायांसाठी धुऱ्यावर पाण्याचे माठ ठेवले.

सीतादहीच्या सकाळी मात्र त्यानं गाडगं बायकोच्या हातात दिलं. मुकादम जानरावानं प्रयागबाईकडं बोट दाखवलं, तसा गुलाबराव हळूच म्हणाला, "रांडमुंड बाईच्या हातानं कायले?"

हळू बोलला, पण अंजनानं ऐकलं. लेकीनं ऐकलं, हे प्रयागबाईनं पाहिलं.

पूजा उरकली. गुलाबरावानं खिशातलं घड्याळ पाहिलं. "नाल्याकडून लागा. गाड्या तिकूनच निघतीन."

"माय, तिकडं तं समदं ओलं हाय," अंजना कुजबुजली.

"वेच," प्रयागबाई म्हणाली.

तीन दिवस बायांनी सकाळचा ओला कापूस वेचला. गच्च दाबून कोठा भरला. आठवड्याभरात कोठ्यातून आंबूस वास आला. जानरावानं ढिगात हात खुपसला आणि चटकन बाहेर ओढला. कापूस तापून पिवळा पडला होता, पेरणीसाठी राखायची सरकी मेली होती.

गुलाबराव प्रयागबाईच्या दारात आला.

"तुले मालूम होतं?"

"होतं, मालक."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मले कोनं इचारलं?"

"इचारा लागते काय? मजुरी घेतं ना तू?"

"मजुरी वेचाची हाय, मालक. वेचला."

त्याचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून येऊ नको."

अंजना मात्र जात राहिली. घरात दुसरी मिळकत नव्हती. जाताना ती आईकडं बघत नसे. त्या कापसाचं प्रयागबाईलाही लागून राहिलं होतं. एकोणीस वर्षं जपलेलं पीक तिनं स्वतःच्या हातानं सडू दिलं होतं, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

पुढच्या हंगामात ती शेलूबाजारकडं परक्या शेतात वेचायला लागली. तिथला मुकादम तिला "ए बुढे" म्हणे. एका सकाळी दवातच वेचणी लागली. शेजारच्या ओळीतल्या बाईनं बोंड दाबून विचारलं, "काहो बाई, ओला हाय काय हा?"

प्रयागबाईचे हात थांबले नाहीत.

"असन," ती म्हणाली. "आपल्याले काय कराचं हाय?"