शेंडीचा नारळ

नारळाने माणसाचं नाक फुटतं हे मला आधी माहीत नव्हतं. फोडून पाहिल्यावर कळलं. गोष्ट ओहायोतल्या डब्लिनची, लॉकडाउनच्या पहिल्या उन्हाळ्यातली, आणि ती सांगताना मी शरमेने मान खाली घालीन अशी कोणाची अपेक्षा असेल तर त्यांनी इथेच थांबावं. मी मूळची नागपूरची. आमच्या घरी भांडण तोंडाने सुरू व्हायचं आणि ते तोंडानेच संपेल याची खात्री नसायची. अमेरिकेत येऊन, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करून, मीटिंगमध्ये गोड हसायला शिकून ते रक्त बदललं असेल असं मला वाटत होतं. नव्हतं बदललं.

सासूबाई त्या हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. सासरे अमरावतीला एकटे. इतका वेळ विमानात बसवत नाही म्हणून ते आलेच नव्हते. आयुष्यात कधी चहाही न केलेला तो माणूस आता शेजारणीने दारात ठेवलेल्या डब्यावर जगत होता. रोज सकाळी व्हिडिओ कॉल लागायचा. ते फोन हनुवटीखाली धरायचे, त्यामुळे आम्हाला नाकपुड्या आणि पंखा एवढंच दिसायचं. तरी सासूबाईंना सगळं कळायचं. "वाळून चालले तुम्ही," त्या म्हणायच्या, आणि फोन बंद झाला की आमच्यावर तुटून पडायच्या. "मला घरी पोचवा. पोहत जाते मी, पण मला घरी पोचवा." एकदा बातम्यांमध्ये विमानबंदी वाढल्याचं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडावर त्यांनी आमटीची वाटी फेकली. टीव्हीच्या काचेवर तो चरा अजून आहे.

वेड काही एकट्या आमच्या घराला लागलं नव्हतं. शेजारच्या गोऱ्याने दोन नव्या बंदुका आणल्या होत्या आणि गराजचं दार उघडं टाकून तो त्या पुसत बसायचा. कोणासाठी, असं नवऱ्याने लांबूनच विचारलं तर म्हणाला, कोणासाठी ते वेळ आली की कळेल. मोठ्या सुपरमार्केटमध्ये टॉयलेट पेपरच्या शेवटच्या गठ्ठ्यावरून एक बाई दुसरीच्या दंडाला चावलेली मी स्वतः पाहिली, मास्क खाली ओढून, नीट दात लावून. सोबत आलेल्या आठ वर्षांच्या माझ्या मुलीने घरी येऊन आजीला सगळं इंग्रजीत सांगितलं. आजीला त्यातलं चावल्याचं तेवढं कळलं.

आणि मग सासूबाईंना जागा मिळाली. अडकलेल्यांसाठी खास विमानं सुटत होती, त्यातल्या शिकागोच्या विमानात. नवरा ईमेल वाचत होता आणि त्या त्याच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. "पक्कं ना रे?" "पक्कं, आई." त्या तडक वर गेल्या आणि बॅग भरून बसल्या, विमानाला चांगले चार दिवस असताना.

बॅग भरली, आणि मग त्यांना ओटी आठवली. मुलाच्या घरातून निघताना सुनेची ओटी भरल्याशिवाय सासूने उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. पदरात तांदूळ, खण आणि नारळ. तांदूळ होते, खण त्यांनी येतानाच आणला होता. नारळ मी सुपरमार्केटमधून आणला, तर तो गुळगुळीत सोललेला. त्यांनी तो असा उचलला, जसा काही मी मेलेला उंदीर आणला होता. "बोडका नारळ ओटीत घालतात का? शेंडी कुठाय?" मग भारतीय किराणा दुकानातून शेंडीचा आणला, तर त्यांनी कानाशी हलवला आणि परत माझ्या हातात दिला. आत पाणी नव्हतं. "तुला नारळ कळत नाही बाई. मीच येते."

साठीच्या पुढच्यांनी दुकानात जायचं नाही असं जो तो सांगत होता. नवरा ओरडला, मी ओरडले. त्यांनी चपला घातल्या.

दुकान एका गुजराती काकांचं. बाहेर जमिनीवर चिकटपट्ट्या लावलेल्या, एक बाहेर आला की एक आत सोडायचा. दारावर इंग्रजीत, हिंदीत आणि गुजरातीत पाटी: वस्तूला हात लावाल ती घ्यावी लागेल. मराठीत नव्हती, म्हणून आपल्याला लागू नाही असं सासूबाई म्हणाल्या. ते गमतीने म्हणाल्या असं मी समजले. आत नारळांची टोपली भाजीच्या फळीखाली होती. मी कोथिंबीर घ्यायला वळले, परत पाहिलं तर त्या वाकून एकेक नारळ उचलत होत्या. उचलायचा, बोटाने टिचकी मारायची, कानाला लावून हलवायचा. मास्कची दोरी मध्ये येत होती म्हणून ती एका कानातून त्यांनी काढूनच टाकली होती. मास्क दुसऱ्या कानाला लटकत होता. हलवलेला नारळ परत टोपलीत, नवा हातात. जन्मभर अशीच नारळाची पारख केलेली बाई, ती दुसरं काय करणार?

"ओ काकू!" कोणीतरी जोरात ओरडलं.

आमच्यातलाच होता. पस्तिशीचा असेल, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, हातात भांडी घासायचे पिवळे हातमोजे. "काकू, मास्क! मास्क लावा ना यार! सगळ्यांना हात लावून ठेवलात तुम्ही!"

"पाणी पाहून राहिले बाबा," सासूबाई म्हणाल्या. "काहून वरडतोस?"

"ठेवा तो खाली! आधी ठेवा!"

त्या ठेवणारच होत्या. पण त्याला धीर नव्हता. त्याने त्यांच्या हातातला नारळ ओढला, त्यांनी सवयीने घट्ट धरला. दुकानात कोणी हातातली वस्तू ओढली तर आपण सोडतो का? तो किंचाळला, "मरायचंय का तुम्हाला? आम्हालाही मारणार का?" आणि त्याने आपली भरलेली ट्रॉली त्यांच्या कमरेवर ढकलली. चुकून नाही. दोन्ही हातांनी, जोर लावून. त्या मागे पडल्या आणि उजवा हात अंगाखाली गेला. कड्कन आवाज आला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज, तो मी कोथिंबिरीपाशी ऐकला.

नारळ घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो उचलला आणि चार पावलांत त्याच्यापाशी पोचून त्याच्या तोंडावर मारला. त्याचा निळा मास्क आतून लाल होत गेला. मी परत मारला, तो कानावर बसला, चष्मा उडून डाळीच्या पोत्यांवर पडला. त्याने माझे केस धरले आणि मला फळीवर आपटलं. मी मास्क खाली ओढून त्याच्या हातमोज्याला चावले. रबराची चव अजून तोंडात आहे. सोडवायला एकही माणूस पुढे आला नाही, कारण सगळे सहा फुटांवर उभे होते. गुजराती काका काउंटरमागून "बेन, बस! बेन, बस!" करत हवेत सॅनिटायझर फवारत होते. त्याने काय होणार होतं ते त्यांनाच ठाऊक. मी थांबले ती सासूबाईंमुळे. खालून त्या म्हणाल्या, "पोरी, माझा हात बघ." हात मनगटापासून भलतीकडेच वळलेला होता.

रांगेतल्या कोणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आला तो तरणाबांड आणि आमच्याहून जास्त घाबरलेला. त्याने लांबूनच त्या माणसाला विचारलं, "हू हिट यू, सर?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात तेव्हा एकच शब्द होता: व्हिसा. त्याने माझं नाव घेतलं तर मी त्याचं घेणार. गुन्हा नोंदला की पुढच्या वेळी शिक्का मिळेलच याची खात्री नाही, आणि मग दोघांचीही घरं, पोरांच्या शाळा, सगळंच धोक्यात.

"नोबडी," तो नाक दाबून म्हणाला. "आय स्लिप्ड."

"अँड द लेडी?"

"शी ऑल्सो स्लिप्ड," मी म्हणाले. बोलताना माझ्या दातांना त्याच्या हातमोज्याचा पिवळा कपटा अडकलेला होता. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्या वेदनेतही त्यांनी पोलिसाकडे पाहून मान हलवली. "फॉल, फॉल," त्या म्हणाल्या. गुजराती काकांनी नारळ पुसून, पिशवीत घालून माझ्या हातात दिला, आणि पुन्हा दुकानात येऊ नका म्हणाले.

तो माणूस कोण, त्याच्या घरी कोण आजारी होतं, कोणाच्या भीतीने तो असा पिसाळला होता, मला माहीत नाही आणि मी माहीत करून घेतलं नाही. सगळ्यांच्याच घरी कोणीतरी होतं.

इस्पितळात सोबत्याला आत सोडत नव्हते. सासूबाई एकट्या आत गेल्या, मी पार्किंगमध्ये बसून राहिले. हाड दोन जागी मोडलं होतं, शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागणार होती, आणि इतक्यात विमानप्रवास नाही म्हणून डॉक्टरने फोनवर सांगितलं. शिकागोचं विमान त्यांच्याशिवाय गेलं. घरी आल्यावर त्या बॅगेकडे बघत नव्हत्या. मी नारळ दाखवला तर म्हणाल्या, "रक्त लागलेला ओटीला चालत नाही. आणि प्लास्टरच्या हाताने भरूही नये. ते निघाल्यावर बघू." मी तो गराजमध्ये फळीवर ठेवला. टाकणार नव्हते. माझ्या रागाची ती एवढीच वस्तू माझ्याकडे उरली होती.

प्लास्टर निघायच्या आधी सासऱ्यांना ताप आला. शेजारणीने डबा दारात तसाच पाहिला आणि मग दार फोडलं. इस्पितळात त्यांनी आठवडाही काढला नाही. तिथूनच महापालिकेच्या गाडीने परस्पर नेलं, चेहरा कोणी पाहिला नाही. नवरा शेजारणीशी बोलत होता तेव्हा सासूबाई जिन्यात बसून होत्या. त्या रडल्या नाहीत. विचारलं एवढंच, "मी गेले असते तर दार फोडावं लागलं नसतं ना?" दुसऱ्या दिवशी त्या कुंकू न लावता खाली आल्या.

मी काय केलं? दर शनिवारी नारळ शेजारच्या सीटवर ठेवून त्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जाऊन बसले. त्या माणसाला सांगायचं होतं की तू ट्रॉली कोणावर ढकललीस. सांगायचं नव्हतं, खोटं कशाला बोलू, मारायचं होतं. मास्क घातलेला प्रत्येक उंच माणूस मला तोच वाटायचा. तो आला नाही. आला असता तर हे लिहायला मी आज इथे नसते.

पुढे दुसऱ्या विमानात जागा मिळाली. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी, नवरा बॅगा ठेवत होता. सासूबाई सरळ उंबऱ्याकडे चालल्या. मी आडवी आले. "आई, ओटी."

"आता माझ्या हातनं चालत नाही ते," त्या म्हणाल्या. "सवाष्णीने भरायची असते. सरक."

"तुमचा नियम आहे ना? भरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही?"

"तुझं वाईट व्हायला नको म्हणून म्हणते."

"माझं काय वाईट व्हायचं राहिलंय?" मी गराजमधून नारळ आणला आणि त्यांच्या उजव्या हातात जबरदस्तीने कोंबला. त्या नको नको करत मागे सरत होत्या, मी मनगट धरून बोटं त्या नारळाभोवती दाबत होते. "आई गं!" त्या कळवळल्या. तेच मनगट होतं. नारळ फरशीवर पडला, आणि पुढच्या क्षणी त्यांनी डाव्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पहिल्यांदाच. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

जिन्यात बसलेली मुलगी म्हणाली, "मम्मा, आजी जस्ट हिट यू."

मग मी रडायला लागले, मोठ्याने, लाज सोडून. सासऱ्यांसाठी नाही, त्या बाईला वेळेत घरी पोचवता आलं नाही म्हणून. माझ्याकडे बघता बघता त्यांनाही रडू फुटलं. जिन्यात बसून राहिलेलं ते रडू तेव्हा बाहेर आलं. नवरा बॅग हातात धरून दारातच खिळला होता.

बऱ्याच वेळाने त्या वाकल्या आणि नारळ उचलला. शेंडीला काळपट डाग होता तो त्यांनी पदराने पुसला, निघाला नाही. "फुटला तर नाही ना?" म्हणाल्या. निघताना चढवलेल्या मास्कची दोरी त्यांनी कानातून काढली, न वळणाऱ्या त्या मनगटाने नारळ कानाशी धरला आणि हलवला.

"आहे पाणी," त्या म्हणाल्या. "धर."

माझ्या अंगात जीन्स आणि टी-शर्ट होता. पदर नव्हता, म्हणून मी टी-शर्टचीच झोळी करून पुढे धरली.